शेपटीकडचा खातेदार

जगातली कुठलीही गोष्ट मोजता येते, आणि जी मोजता येत नाही ती मुळात नसतेच, असं छातीठोकपणे मानणारा एकच माणूस मी आयुष्यात पाहिला, आणि माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीने नेमकं त्याच्याशीच लग्न केलं. आमचे हे साडभाऊ सरकारी मोजणीदार होते. रिसोडपासून अनसिंगपर्यंत असं एक गाव नसेल जिथल्या धुऱ्यावर त्यांनी साखळी ओढली नाही. दोन शेतांमधल्या हद्दीला आमच्या वऱ्हाडात धुरा म्हणतात. आमच्याकडचा माणूस एक वेळ पंगतीतली बुंदी सोडेल, जावयाचा मान सोडेल, पण धुऱ्याची वीतभर माती सोडणार नाही. अशा दोन तापलेल्या माणसांच्या मधोमध उभं राहून साखळीच्या कड्या मोजण्यात साडभाऊंचं उभं आयुष्य गेलं. ते कुणाकडचा चहा घेत नसत. फारच आग्रह झाला तर दोन्हीकडचा घेत, आणि दोन्हीकडचे घोट सारखे घेत. पुढे उपग्रहावरून मोजणारी यंत्रं आली आणि साडभाऊ निवृत्त झाले, पण त्यांच्या आतली साखळी काही निवृत्त झाली नाही, आणि तिचा त्रास सगळ्यात जास्त कुणाला झाला असेल तर तो मला.

त्यांचं पाऊल अडीच फुटांचं आहे. कमी नाही, जास्त नाही. ते चालतात तेव्हा ओठांच्या आत आकडे चालू असतात, आणि अशा वेळी त्यांच्याशी बोलायचं नसतं हे मला लग्नानंतर पहिल्याच दिवाळीत कळलं. रिसोडच्या एसटी स्टँडवर मी त्यांना घ्यायला गेलो होतो. खांद्यावर मेहुणीने दिलेली लोणच्याची बरणी. अर्ध्या रस्त्यात माझ्या दुकानाचं एक गिऱ्हाईक भेटलं (माझं शाळेच्या वह्या-पुस्तकांचं दुकान आहे), मी त्याला नुसतं "काय म्हणता?" म्हणालो, आणि साडभाऊ जागच्या जागी थांबले. "आकडा गेला, पाव्हणे. चला." आम्ही बरणीसकट परत स्टँडवर गेलो आणि तिथून नव्याने निघालो. दुसऱ्या खेपेला एका गाईने घोळ घातला. तिसऱ्या खेपेला मी तोंड असं गच्च मिटून चाललो की समोरून आलेल्या गिऱ्हाइकाला वाटलं, मला त्याचा राग आलाय. तो महिनाभर दुकानाची पायरी चढला नाही. घर मात्र सहाशे बारा पावलांवर निघालं आणि साडभाऊंना फार समाधान वाटलं.

घरात आल्या आल्या त्यांनी पाण्याचा तांब्या हातात घेतला, चारी भिंतींकडे पाहिलं आणि माझ्या बायकोला सांगितलं, "बाई, तुमचं सैपाकघर काटकोनात नाई." तेव्हापासून आमच्याकडे भाकरी करपली की दोष त्या कोपऱ्याला जातो. माझ्या पुतणीच्या लग्नात तर त्यांनी कहर केला. मंगलाष्टकं चालू, अक्षता उडतायत, आणि हे पुढे होऊन भटजींना म्हणतात, "जरा थांबा." अंतरपाट एका बाजूने दोन बोटं खाली होता. मामाने हात वर केला, मग तो जास्तच वर झाला, मग दुसऱ्या बाजूने वर केला. मुहूर्त टळला, पण अंतरपाट समपातळीत आला. नवरदेवाचा बाप माझ्याकडे ज्या नजरेने पाहत होता ती मी अजून विसरलेलो नाही. आणि एवढं सगळं करून हा माणूस पंगतीत माझ्याच शेजारी बसला आणि माझ्या पानातला वरणाचा ओघळ भाताच्या हद्दीत शिरलाय म्हणून हळहळला.

पण जिल्हाभरचे धुरे सरळ करणाऱ्या या माणसाचा एक धुरा कायमचा वाकडा होता, आणि तो त्यांचा स्वतःचा. शिरपूरच्या अलीकडे त्यांचं गाव आहे. वडील गेल्यावर शेताची वाटणी झाली, एक वावर थोरल्या भावाचं, एक यांचं. मोजणीदाराने स्वतःच्या शेताला साखळी लावायची नाही, असा त्या धंद्यातला नेम आहे. पण घरचे म्हणाले, घरात मोजणीदार असताना बाहेरचा कशाला? यांनी मोजलं, हद्दीचा दगड रोवला, आणि थोरले म्हणाले, "दगड माह्या वावरात दीड हात आला." हे म्हणाले, "माही साखळी खोटं बोलत नाई." शब्दाने शब्द वाढला. "तुह्या वावरात पाय टाकीन तं बापाचं नाव सांगणार नाई," असं एकाने म्हटलं, दुसऱ्यानेही तेच म्हटलं, आणि बाप एकच असल्यामुळे दोघंही सारखेच अडकले.

साडभाऊ निवृत्त झाले तोवर त्याला अकरा वर्षं झाली होती. गावात दोघांची घरं लागून, मध्ये गोठ्याची एक भिंत. बोलणं बंद, पण निरोप तर द्यावे लागतात. त्यासाठी थोरल्यांनी आपला बैल नेमला होता. त्याचं नाव सर्ज्या. थोरले भिंतीपलीकडून मोठ्या आवाजात म्हणत, "सर्ज्या, सांग त्याले, नळ आला हाये." धाकटे भिंतीअलीकडून म्हणत, "सर्ज्या, सांग, आयकलं." अकरा वर्षांत त्या बैलाने इतके निरोप दिले की आता कुणी जोरात बोललं की तो रवंथ थांबवून दोन्हीकडे पाहतो. हे हसण्यासारखं आहे आणि मी हसलोही आहे. पण एकदा साडभाऊंना ताप भरला होता तेव्हा मी तिथे होतो, आणि भिंतीपलीकडून पहाटेपासून तीनदा आवाज आला, "सर्ज्या, इचार त्याले, उतरला का?" तेव्हा मला हसू आलं नाही.

निवृत्तीनंतरच्या पहिल्या हिवाळ्यात, सोयाबीन निघून गेल्यावर, साडभाऊ रोज सकाळी आपल्या वावरात जाऊन बसू लागले. गळ्यात दुर्बीण, मांडीवर रजिस्टर. हद्दीच्या दगडाभोवतीची जागा मुरमाड, तिथे धड गवतही उगवत नाही. तर त्या दगडावर त्यांना एक पाखरू दिसलं. चिमणीपेक्षा थोडं थोराड, मुरमाच्याच रंगाचं, गळा मात्र काळा कुळकुळीत. ते दगडावर बसायचं, मान लववायचं, शेपटी खालीवर करायचं, मध्येच जमिनीवर उतरून तुरुतुरु पळायचं, किडा उचलायचं आणि पुन्हा येऊन त्याच दगडावर बसायचं. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशी साडभाऊंनी मला फोन केला. "पाव्हणे, धुऱ्यावर एक नवा कब्जेदार आला हाये."

एखादा माणूस पाखरू पाहून खूश होतो, फार तर नाव विचारतो. यांनी त्याची मोजणी सुरू केली. ते पाखरू आपल्या जागेत दुसरं पाखरू टिकू देत नव्हतं. गप्पीदास आला, हाकलला. चिरक आली, हाकलली. साडभाऊंनी हिशेब मांडला की जिथवर तो दुसऱ्याला हाकलत जातो तिथवर त्याची हद्द. प्रत्येक पाठलागाच्या शेवटी ते धावत जाऊन एक खुंटी ठोकायचे. पंधरा दिवसांत वावरात इतक्या खुंट्या झाल्या की लोकांना वाटलं, इथे मंगल कार्यालय होतंय. मग त्यांनी जुनी साखळी काढली, एक टोक माझ्या हातात दिलं, आणि थंडीच्या कडाक्यात मला तुरीच्या ओळींतून फरफटत नेलं. नकाशा तयार झाला. तीन बाजूंच्या हद्दी नीट, चौथी बाजू कोरी, कारण पाखराचं अर्धं राज्य धुऱ्यापलीकडे थोरल्यांच्या वावरात होतं. तिथे साडभाऊंनी लाल शाईने लिहिलं होतं, 'पाहणी होऊ शकली नाही.'

मग नावाचा शोध लागला. माझ्या दुकानात पक्ष्यांचं एक चित्रांचं पुस्तक वर्षानुवर्षं धूळ खात पडलेलं होतं. साडभाऊंनी ते शेतात नेलं आणि दुर्बिणीतून एकदा पुस्तकात, एकदा दगडावर असं बघत बसले. (पुस्तक दुर्बिणीतून कशाला पाहायचं, हे मी विचारलं. "दोघाईले सारखाच न्याय पाह्यजे," म्हणाले.) आठवड्याने निकाल लागला की हा रणगोजा असावा. मूळ गाव वाळवंट, हिवाळ्यात आपल्याकडच्या उघड्या माळांवर मुक्काम. गावात ही बातमी पसरली, पण कुणी फारसं दचकलं नाही. पारावरचे एक जण म्हणाले, "त्यात काय नवल हाये बापा? काठेवाडी नाई का येत मेंढ्या अन उंटं घेऊन? त्याईच्याच मांगं मांगं आला असन." पुस्तकात हा गाणारा पक्षी म्हणून लिहिलं होतं, पण आमच्या धुऱ्यावर तो 'चीट' याच्यापलीकडे एक अक्षर बोलत नव्हता. मला शंका आली. साडभाऊंना ती शंकाच अपमानाची वाटली. "पाव्हणे, गाणं आपल्या गावी. बदलीच्या गावाले कोणी गाते का? मी गेवराईकडं चार वर्षं व्हतो, एकदा तरी गायलो का?" ते आपल्या गावी तरी कधी गायले हे मला माहीत नाही, पण मी गप्प बसलो.

अडचण पुढेच होती. पुस्तकाचं म्हणणं असं, की गोजे बरेच आहेत आणि त्यांचे तोंडवळे फसवे आहेत. खरी खूण शेपटीत. बाकीच्या गोजांच्या शेपटीत बुडाशी पांढरं असतं, रणगोजाची शेपटी मात्र बुडापासून टोकापर्यंत काळी, आणि पांढरं असतं ते शेपटीच्या वर, पाठीच्या शेवटाला. म्हणजे शेपटी मागून पाहिल्याशिवाय नाव कायम करता येत नाही. आणि शेपटी होती थोरल्या भावाकडे. त्या दिवसांत सकाळचा वारा उगवतीकडून यायचा, पाखरू वाऱ्याकडे तोंड करून बसायचं, आणि उगवतीला साडभाऊंचं वावर. रोज तेच काळं तोंड. उडालं की दगडामागे पलीकडच्या उतरणीला गडप. इकडे कुणाच्या पाठलागावर आलं तरी इतक्या वेगात, की पांढरं शेपटीत की वर हे ठरवता येत नसे. येताना पुन्हा तोंड पुढे करून. दुपारनंतर ऊन डोळ्यांवर यायचं आणि पाखराची नुसती काळी बाहुली दिसायची. मोबाइलवर फोटो काढला तर दगडावर उडदाचा दाणा ठेवल्यासारखं काहीतरी आलं. कॉलेजात पक्षी शिकवणारे एक सर माझ्या ओळखीचे होते, त्यांना तो पाठवला. त्यांनी उलट कळवलं, "गळा ठीक. शेपटी पाहा." साडभाऊंनी मोबाइल खाली ठेवला आणि बराच वेळ दगडाकडे पाहत राहिले. धुरा ओलांडायला त्यांना अडीच फुटांचं एक पाऊल पुरलं असतं.

मी म्हटलं, "भाऊ, मी जातो की पलीकडे. मी कुठली शपथ घेतली नाही." त्यांनी संमती दिली, पण दुर्बीण दिली नाही. दुर्बीण त्यांची, म्हणजे ती धुऱ्यापलीकडे गेली तर त्यांचाच पाय पडल्यासारखं होतं म्हणे. मी थोरल्यांच्या वावरातून वळसा घालून, ढेकळांत पाय मुरगाळून, तुरीआड उकिडवा बसलो. माझ्या चष्म्याचा नंबर मोठा. मी पाहिलं, परत आलो आणि म्हटलं, "काळीच वाटली."

"वाटली?" साडभाऊ रजिस्टर मिटत म्हणाले. "पाव्हणे, मोजणीत 'वाटली' हा शब्द नाई." मला असा राग आला! सकाळच्या थंडीत, गुडघ्यात माती, आणि वर हे. मी सांगून टाकलं, "मग बसा तोंड पाहत. होळीपर्यंत पाखरू जाईल निघून आपल्या गावाला, अन तुमचं रजिस्टर राहील अर्धं." हे त्यांना लागलं. मलाही ते नंतर लागलं. नोकरीत त्यांनी एकही काम अर्धं ठेवलं नव्हतं, आणि या दोन वावरांच्या मधलं आता दुसऱ्यांदा अर्धं राहत होतं.

दोन दिवसांनी त्यांनी मला बोलावून एक कागद हातात दिला. मोजणीच्या आधी शेजारच्या शेतवाल्यांना, म्हणजे लगतच्या खातेदारांना, नोटीस द्यावी लागते, त्यांच्या सहीशिवाय मोजणी पक्की होत नाही. ती नोटीस मी शब्दशः देतो. 'सदर पक्षी (नर, रणगोजा असल्याचा संशय) याची ओळख पटविण्याचे काम येत्या मंगळवारी सकाळी आठ वाजता हद्दीच्या दगडाजवळ करण्यात येणार आहे. आपण शेपटीकडील लगतचे खातेदार असल्याने आपण जातीने हजर राहावे. गैरहजर राहिल्यास आपले काही म्हणणे नाही असे समजून पुढील कार्यवाही करण्यात येईल.' खाली सही, तारीख. भिंतीपलीकडे नेऊन देण्याचं काम अर्थातच माझ्याकडे.

थोरले गोठ्यात होते. उंच, वाळलेले, तोंडावर बारा महिने तेरा काळ चिडल्याचा भाव. त्यांनी कागद दूर धरून सगळा वाचला, मग बैलाला वाचून दाखवला. मी मनात म्हटलं, आता हा कागद सर्ज्याच्या चाऱ्यात जाणार. थोरले थोडा वेळ बैलाची पाठ खाजवत राहिले आणि भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "सर्ज्या, सांग त्याले. थ्या पाखराची शेपटी मी चार हिवाळ्यापासून पाहून राह्यलो. तोंड कसं हाये थे मले अजून मालूम नाई."

भिंतीपलीकडून रजिस्टरची पानं उलटल्याचा आवाज आला. मग माझ्याकडे वळून ते हळूच म्हणाले, "थ्याच्यासाठीच तं मी थो मुरमाचा पट्टा वखरला नाई, पाव्हणे. वखरला असता तं थो बसला नसता. त्याले सांगू नका."

मंगळवारी आठ वाजता आम्ही जमलो. साडभाऊ आपल्या वावरात, दगडापासून वीस पावलांवर, दुर्बीण डोळ्याला. थोरले आपल्या वावरात, तितक्याच अंतरावर, आणि सोबत सर्ज्या, कारण त्याच्याशिवाय बोलणार कसं? मी पंच म्हणून धुऱ्यावर, एक पाय इकडे एक पाय तिकडे, हातात रजिस्टर. पाखरू वेळेवर आलं. दगडावर बसलं, वाऱ्याकडे तोंड केलं, मान लववली.

"पंच, लिवा," साडभाऊ दबक्या आवाजात म्हणाले. "गळा काळा. काळेपणा थेट पंखाले भिडला हाये. डोळ्यावर पांढरी भुवई."

"सर्ज्या, सांग थ्याले," पलीकडून आलं. "पाठ मुरमाच्या रंगाची."

"पंच, विचारा, शेपटी?"

"सर्ज्या, सांग, मिटून बसला हाये. दम धर म्हणा."

एवढ्यात पाखराने दगडावरून जमिनीवर झेप घेतली, पलीकडच्या उतरणीवर किडा पकडला आणि शेपटी पंख्यासारखी उघडली. थोरले ओरडले, "अबे पाह्य पाह्य! बुडापासून काळी हाये!"

"पांढरं कुठी हाये, दादा? शेपटीत का वरतं?"

"वरतं! शेपटीत ठिपकाई नाई बे!"

सर्ज्या मान वर करून उभा होता. आपल्याला मध्ये न घेता हे बोलले कसे, असं त्याला वाटलं असावं. मी रजिस्टरात खाली मान घालून उगाचच रेघा मारत होतो, कारण माझा चष्मा ओला झाला होता आणि ते त्या दोघांना दिसायला नको होतं. थोड्या वेळाने थोरल्यांनी विचारलं, बैलाला नाही, भावाला विचारलं, "अन तोंड कसं दिसते रे त्याचं? चिडका दिसते का?"

"नाई, दादा. साधा दिसते."

सहीचा प्रश्न निघाला. शपथ अजून होतीच, म्हणून मी रजिस्टर दगडावरच उघडून ठेवलं. पाखरू लांब जाऊन बसलं. दोघं आपापल्या बाजूने दगडापर्यंत आले. थोरल्यांनी वाचायचा चष्मा आणला नव्हता, साडभाऊंनी आपला काढून दिला. थोरल्यांनी सावकाश सही केली, चष्मा परत दिला, आणि जायला वळले तेव्हा साडभाऊ म्हणाले, "दादा, दगड चुकला हाये."

थोरले थांबले.

"माही साखळी ताणल्या गेली व्हती. जुनी साखळी ओढून ओढून लांबते, दर वर्षी तपासा लागते. थ्या साली बाबा गेले, म्या तपासली नाई. मोजणी माह्याकडून सुरू केली, म्हणून वाढलं थे माह्या पदरात पडलं. दीड हात. तू म्हणत व्हता तेवढंच. दुसऱ्या महिन्यात साखळी तपासली तवाच कळलं मले." त्यांनी दगडावर हात ठेवला. "पण मोजणीदार चुकला, हे तोंडातून निघेना. आता दगड सरकवून देतो, आजच."

अकरा वर्षं ज्या दीड हातासाठी हा माणूस बैलाशी बोलला, तो आता काय करेल याचा मला अंदाज येईना. मी रजिस्टर छातीशी धरून एक पाऊल मागे सरकलो. थोरले दगडाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "राहू दे. दगड हालवला तं थो बसन कोठी?"

रजिस्टरात त्या दिवशीचा शेरा साडभाऊंनी मला सांगून लिहून घेतला. 'पक्षी: रणगोजा, नर. ओळख दोन्ही बाजूंनी पटली. हद्द चुकीची आहे. पक्ष्याच्या सोयीसाठी कायम.' मग दोघं भाऊ त्या चुकीच्या हद्दीवरच बसले आणि सर्ज्याकडे पाठ करून मेंढ्यांचं खत, गुडघे आणि मेलेल्या आत्या यांविषयी दुपारपर्यंत बोलत राहिले. मला कुणी चहासुद्धा विचारला नाही. मी चिडून रिसोडची बस धरली आणि स्टँडपासून घरापर्यंत पावलं मोजत गेलो. माझी सहाशे नव्वद भरली.

पुढचे दोन हिवाळे पाखरू आलं. दोघं दगडाच्या दोन बाजूंना बसायचे, एक तोंड सांगायचा, एक शेपटी. सर्ज्या निरोपातून सुटला आणि जरा सुटलाही. त्यानंतर साडभाऊंचे गुडघे गेले. ज्या पावलांनी जिल्हा मोजला ती अडीच फुटांवरून वीतभरावर आली, आणि मुलगी त्यांना नागपूरला घेऊन गेली. तिथे ते चौथ्या मजल्यावर राहतात. गॅलरीतून दुर्बीण लावली की दुसऱ्या गॅलरीतली दुर्बीण न लावणारी माणसं दिसतात, असं ते फोनवर म्हणाले. मला त्यांची फार आठवण येते. बाजारात जाताना कुणी आडवं आलं की मी अजून तोंड मिटून घेतो.

या हिवाळ्यात बायकोने थोरल्यांसाठी डिंकाचे लाडू दिले म्हणून मी गावी गेलो. सकाळची वेळ, थोरले वावरात होते. वारा उगवतीचाच होता. मुरमाचा पट्टा तसाच बिनवखरलेला, आणि दगड रिकामा. मागच्या वर्षीही तो आला नव्हता, हे मला त्यांनी तिथेच सांगितलं. एवढासा जीव, किती हिवाळे येणार? बरोबर आठ वाजता थोरल्यांचा मोबाइल वाजला. त्यांनी स्पीकर लावला.

"दादा, आला का?"

थोरल्यांनी रिकाम्या दगडाकडे नीट पाहून घेतलं. "आला ना. बसला हाये."

"शेपटी?"

"काळी. बुडापासून."

"अन तोंड?"

"तोंड तुह्या वावराकडं हाये. मले कसं दिसन? थे पाहाले तुलेच या लागन."

नागपूरच्या रस्त्यावरचे भोंगे ऐकू येत होते. मग साडभाऊंनी विचारलं, "पाव्हणे हायेत का तथी? पाव्हणे, तुमाले दिसून राह्यला का?"

मी म्हटलं, "स्पष्ट दिसतोय, भाऊ."

"वाटून तं नाई राह्यला?"

"नाही. दिसतोय."

"मंग लिवा," ते म्हणाले. "हजर. मी उन्हं तापायच्या आत... मी येतो म्हणावं दादाले. फागुनाच्या आत येतो."

थोरल्यांनी फोन खिशात ठेवला, धोतराच्या सोग्याने दगडावरची धूळ पुसली आणि मला विचारलं, लाडू किती आणले. मी मोजून सांगितले.